घास पडला, पण कुठे?

आमच्याकडं विदर्भात, मंदिराच्या भंडाऱ्याच्या पंगतीत एका पोराच्या हातून रोडग्याचा तुकडा खाली पडला. आजोबांनी तो उचलला, फुंकर मारली, कपाळाला लावला आणि परत पोराच्या पत्रावळीत ठेवला. पुण्याला नोकरी करणाऱ्या बापानं तो पोराच्या तोंडातून काढून घेतला. घडलं एवढंच. पण बुढा भरल्या पत्रावळीवरून उठला, वाढपी खोळंबले आणि त्यानंतर कितीतरी दिवस पारावर, फोनवर, शेताच्या धुऱ्यावर हाच विषय सुरू राहिला. एक बाजू म्हणते, अन्न हे पूर्णब्रह्म, त्याला पायदळी सोडणं म्हणजे माजणं. दुसरी म्हणते, जंतू असतात, विज्ञान शिका. दोघंही तावातावानं बोलतात आणि दोघंही त्या तुकड्याकडे बघतात. तो पडला त्या जमिनीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. सारा वाद चुकतोय तो इथे.

‘प्रत्येकाची आपापली श्रद्धा’ असं म्हणून मला सुटायचं नाही, म्हणून माझं मत आधीच सांगतो. आपल्याच घरात, आज झाडलेल्या-पुसलेल्या जागी कोरडी भाकर पडली तर धडधाकट माणसानं ती झटकावी आणि खुशाल खावी. जिथं चपला, ढोरं, कोंबड्या किंवा फवारणीचा पंप येतो तिथं पडलेलं खाऊ नये, मग तो प्रसाद का असेना. आणि जे आपण स्वतः खाणार नाही ते दुसऱ्या माणसाच्या पुढ्यात ठेवू नये. यातली तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि या अख्ख्या वादात तिचं नावही कोणी काढलेलं नाही.

आधी आजोबांची बाजू, कारण ती हसण्यावारी न्यायची नाही. ज्या पिढीनं १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकल्या नाहीत तर भोगल्या, कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून पोरांसाठी घरी आणली, परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीची घशाखाली न उतरणारी भाकर खाल्ली, तिला भाकरीचा तुकडा जमिनीवर पडलेला पाहवत नाही यात नवल काय? त्या आधीच्या पिढीच्या आठवणीत १८९९-१९०० चा वऱ्हाडातला दुष्काळ होता. ‘पडलं तर फेकून दे’ हे वाक्य म्हणायला डब्यात दुसरी भाकर असावी लागते. रोजीनं निंदणाला जाणाऱ्या बाईच्या डब्यात मोजून भाकरी असतात. तिला पिशवीतून सॅनिटायझर काढून दाखवणाऱ्यानं आधी आपला डबा तिच्यापुढं सरकवावा. पडलेलं उचलायच्या सवयीमागं भुकेची आठवण आहे. तिला अडाणीपणा म्हणणारा माणूस मला शिकलेला वाटत नाही.

इथवर ठीक. पण याच बाजूनं एक युक्तिवाद हमखास येतो: अन्न मातीतूनच तर येतं, मग मातीला पडलं तर बिघडलं काय? ऐकायला फार गोड आहे. खळ्यावर ज्वारी मातीतच पडायची. पीक निघाल्यावर भूमिहीन बाया वावरात सरवा वेचायच्या, म्हणजे गळून पडलेली कणसं नि बोंडं मातीतून उचलायच्या आणि त्यावर घर चालवायच्या. रोडग्याचंच घ्या. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, म्हणजे सरळ ढोराच्या शेणाच्या आगीत भाजतात. वरून राख चिकटलेली असते. कापडात घेऊन, हातावर आपटून ती झटकायची, रोडगा फोडायचा, आत तूप सोडायचं आणि वांग्याच्या भाजीत कुस्करायचा. मग शेणात भाजलेलं चालतं आणि जमिनीवर पडलेलं चालत नाही, हे कसं? असं की मधे आग आहे. सरव्याची ज्वारी उफणली जाते, पाखडली जाते, निसली जाते, दळली जाते आणि शेवटी तापल्या तव्यावर पडते. निखाऱ्यातल्या रोडग्यावर जंतू टिकायला जागाच नाही. पंगतीत पडलेला तुकडा मात्र आगीतून बाहेर आल्यावर पडला. त्यानंतर त्याला दुसरी आग भेटणार नाही, थेट तोंडच भेटणार. आपल्या आज्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर पडलेली भाकर त्या पुन्हा तव्यावर किंवा विस्तवावर टाकून शेकून घेत. फुंकर मारायची पद्धत नंतरच्या आळशांनी काढली असावी, असा माझा संशय आहे.

दुसरा युक्तिवाद वऱ्हाडीतच ऐकलेला बरा: ‘आमी बी मातीतलं खाऊनच मोठे झालो, आमाले काई झालं का बे?’ नाही झालं. कारण ज्यांना झालं ते हा प्रश्न विचारायला पारावर बसलेले नाहीत. कुठल्याही म्हातारीला विचारा, माय, किती झाली आणि किती जगली? ती बोटांवर मोजते आणि मधेच थांबते. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत दगावत होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला. सगळी काही जमिनीवरचं खाऊन गेली नाहीत, हे मान्य. पण हगवणीनं गेलेल्यांची संख्या लहान नव्हती, आणि हगवण म्हणजे कुणाची तरी विष्ठा कुणाच्या तरी तोंडात जाणं, मग पाण्यातून जावो, हातातून जावो की मातीतून. जे जगले त्यांचं काय? दर फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत आणि शाळेत एक ते एकोणीस वर्षांच्या पोरांना जंताची गोळी चघळायला देतात. २०१५ मध्ये काही राज्यांत सुरू झालेला हा दिवस आता देशभर पाळतात. ही गोळी कशासाठी? गोल जंताची अंडी ओलसर, सावलीच्या मातीत काही वर्षंसुद्धा टिकतात. दिसत नाहीत, फुंकरीनं उडत नाहीत. पोटात गेल्यावर त्यांचे वीतभर लांब जंत होतात आणि पोराच्या वाटचं अन्न खातात. पूर्णब्रह्म अन्नाची याहून मोठी नासाडी कोणती?

थोडं शिकलेल्यांकडून याच युक्तिवादाची इस्त्री केलेली आवृत्ती येते: मातीत खेळल्यानं, मातीतलं खाल्ल्यानं प्रतिकारशक्ती वाढते, आता परदेशातले डॉक्टरही तेच म्हणतात. यातलं खरं काय ते बघू. डेव्हिड स्ट्रॅखन या ब्रिटिश संशोधकानं १९८९ मध्ये दाखवलं की ज्या घरात भावंडं जास्त तिथं पुढं परागकणांच्या ॲलर्जीचा त्रास कमी आढळतो. लहानपणी संसर्ग जास्त झाल्यामुळं असं होत असावं, असा त्याचा तर्क. पुढं गोठ्याजवळ वाढणाऱ्या मुलांना दमा-ॲलर्जी कमी होते, असंही युरोपातल्या अभ्यासांत दिसलं. म्हणजे गोष्ट ॲलर्जीची आणि दम्याची आहे. अंगणात लोळून पोराला शिंका कमी येतील, हे एक वेळ धरून चालू. पण त्यानं हगवण थांबते किंवा जंत होत नाहीत असं त्यात कुठंही नाही. ज्या देशांत हे अभ्यास झाले तिथं उघड्यावर संडासला बसणं केव्हाच संपलं होतं. आपली माती आणि त्यांची माती एकच समजून कसं चालेल?

आणि शेण? ‘सारवलेली जमीन पवित्र, शेण जंतुनाशक’ हे वाक्य या वादात इतक्या वेळा आलं की त्याला उत्तर देणं भाग आहे. सारवलेली, वाळलेली, ऊन खाल्लेली ओसरी धुळीच्या जमिनीपेक्षा बरी असते, यात शंका नाही. धूळ बसते, झाडता येते, पायाला गार लागते. मी सारवलेल्या घरात वाढलो आणि त्या जमिनीवर झोपण्याचं सुख टाइल्सवर नाही, हे शपथेवर सांगीन. पण जंतुनाशक? नवजात बाळाच्या कापलेल्या नाळेला शेण लावायची रीत आपल्या देशात कित्येक ठिकाणी होती आणि त्यापायी बाळं धनुर्वातानं जात. आईला दिलेली लस आणि स्वच्छ बाळंतपण यांच्या जोरावर २०१५ मध्ये माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. शेणात औषध असतं तर त्या बाळांना लसीची वाट बघावी लागली नसती.

आता पुण्याच्या बापाकडं वळतो, कारण त्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं विज्ञानही फोनवरूनच आलेलं आहे. त्यांच्यातल्याच काहींनी मधला मार्ग म्हणून ‘पाच सेकंदांच्या आत उचललं तर चालतं’ असा नियम पुढं केला. हा नियम अमेरिकेत फार ऐकू येतो आणि तिथं तपासलाही गेला. तिथल्या रटगर्स विद्यापीठाच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टील, टाइल, लाकूड आणि गालिचा अशा चार पृष्ठभागांवर जंतू लावून त्यावर टरबूज, पाव, लोणी लावलेला पाव आणि चिकट गोळी टाकून पाहिली, एका सेकंदापेक्षा कमी वेळेपासून पाच मिनिटांपर्यंत. जास्त वेळ राहिलं तर जास्त जंतू चढले, हे खरं निघालं. पण काही जंतू एका सेकंदाच्या आतही चढले. सगळ्यात जास्त चढले टरबुजावर, कारण ते ओलं. आणि गंमत अशी की गालिच्यावरून स्टील आणि टाइलपेक्षा कमी चढले. म्हणजे सेकंद मोजण्यापेक्षा पडलेली वस्तू ओली की कोरडी आणि ती कशावर पडली, हे बघण्यात जास्त अर्थ आहे. घरकुलात टाइल्स बसवल्या म्हणजे जमीन शुद्ध झाली असं मानणाऱ्यांनी हे नीट वाचावं. एका बादलीत, एकाच काळ्या पडलेल्या पोत्याऱ्यानं संडासापासून देवघरापर्यंत पुसलेली टाइल चमकते खरी. त्या प्रयोगात आपली सारवलेली ओसरी नव्हती, त्यामुळं तिच्याबद्दल तो अभ्यास काही सांगत नाही, आणि कोणी त्याच्या नावानं सांगत असेल तर थापा मारतोय.

जंतूवाल्यांचा मोठा दोष मात्र वेगळाच आहे. त्यांना पडलेल्या तुकड्यावरचे जंतू दिसतात, पण वाढप्याच्या हातावरचे दिसत नाहीत. त्याच पंगतीत टाकीचं पाणी एकाच मगानं हात बुडवून बुडवून वाढलं जात होतं, त्यावर कोणी ब्र काढला नाही. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलरा पसरला, माणसं दगावली. कारण जमिनीवर पडलेली भाकर नव्हती, विहिरीचं दूषित पाणी होतं. १८५४ मध्ये लंडनमध्ये कॉलऱ्यानं माणसं पटापट मरत होती, तेव्हा शहाणीसुरती मंडळी दुर्गंधीला दोष देत होती. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं घरोघर फिरून कोण कुठलं पाणी पितं ते विचारलं आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढायला लावला. वास सगळ्यांना येत होता. पंपाकडं बघायला एकच जण गेला. आपल्याकडं आज पडलेला घास हा तसा वास झाला आहे.

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे येतो. पडलेलं अन्न खावं की नाही, असं विचारताना आपण गृहीत धरतो की ज्याच्या हातून पडलं त्यानं खावं की नाही. प्रत्यक्षात ते खातं कोण? कोणत्याही घरात संध्याकाळी जाऊन बघा. पहिली भाकर, जी नेमकी करपते, ती बाईच्या ताटात. सकाळची शिळी तिच्याच ताटात. पोराच्या हातून खाली पडलेली, ‘राहू दे, ते मी खातो माय’ असं कोणी म्हणत नाही, तीही तिच्याच ताटात. नवऱ्याला ताजी, पोराला ताजी, अन्नाचा मान सांभाळायचा एकटीनं. मग ती गरोदर असो की अंगात रक्त नसलेली असो. पूर्णब्रह्माचं एवढं प्रेम असेल तर पाळी लावा ना! आज पडलेली भाकर घरधन्यानं खायची. आठवडाभरात घरातली जमीन कशी लख्ख होते ते बघा.

आणि घराबाहेर? खाली पडलेलं, उरलेलं, आंबायला आलेलं ‘तिला देऊन टाक’ म्हणण्याची आपली जुनी खोड. ती कोण, हे सांगायला नको. गावगाड्यात काही माणसांच्या कामाचा मोबदला म्हणून उष्ट्या-शिळ्याचे तुकडे त्यांच्या पदरात टाकले जात, आणि टाकणाऱ्याला वर पुण्यही लागत असे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना सांगितलं की मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणं सोडा. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं, पण त्याच वेळचं हे सांगणं आठवत नाही. ते पाण्याइतकंच मोठं होतं. उपाशी माणसाला ‘हे अन्न नाकार’ म्हणून सांगणं सोपं नव्हतं. अन्नाचा मान आणि माणसाचा मान यांत निवड करायची वेळ आली तेव्हा त्यांनी माणसाचा मान निवडला. विदर्भातल्या कित्येक घरांनी हा निर्णय पाळला, त्याची किंमत मोजली. म्हणून पंगतीत पडलेल्या घासावर प्रवचन देणाऱ्याला माझा एकच प्रश्न असतो: हा तुम्ही खाणार आहात, की तुमच्या सालदाराच्या पोरानं खावा असं म्हणता? पहिलं असेल तर बोलू. दुसरं असेल तर त्याला संस्कार म्हणू नका.

या भांडणात गाडगेबाबांचं नाव अन्नवाल्यांनी घेतलं. घेणारच, १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला आपला माणूस. फुटक्या गाडग्यात मागून आणलेली भाकर जमिनीवर बसून खाणारा, भुकेल्याला अन्न द्या म्हणून सांगणारा. पण बाबा गावात शिरले की आधी काय करत? झाडू घेत. गल्ल्या, नाल्या, सगळं झाडून काढत, आणि संध्याकाळी कीर्तनात लोकांच्या डोक्यातला कचरा काढत. गाडगं आठवायचं आणि खराटा विसरायचा, ही सोय बाबांनी कुणाला दिलेली नाही. त्यांच्या नावावर पडलेलं खायला सांगणाऱ्यानं आधी ती जागा झाडलेली होती का, याचा जबाब द्यावा.

एवढं बोलून झालं तरी विदर्भापुरती एक गोष्ट राहते, आणि तिच्यापुढं जंतू काहीच नाहीत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले, कित्येक दवाखान्यात पडले. ते फवारताना गेले, जेवताना नाही. पण तोच पंप, तेच डबे, तीच फवारणीची मळकी पँट आपण घरी कुठं ठेवतो? ओसरीच्या कोपऱ्यात. औषध लावलेलं लालगुलाबी बियाणं कुठं उघडतो? त्याच ओसरीवर, कधी परातीत. जूनमध्ये सरकीचं पाकीट फोडताना चार दाणे सांडले तर त्यांचा रंग जमिनीला लागलेला दिसतो. पंपातून गळलेल्या औषधाचा तर दिसतही नाही. जंतू भाकर शेकल्यानं मरतात. हे विष शेकल्यानं, फुंकल्यानं, कपाळाला लावल्यानं जात नाही. तिथं पडलेला घास कोरडा असो, पाच सेकंदांचा असो, उचलायचा नाही. ढोरालाही घालायचा नाही. कोंबड्यांपुढंही टाकायचा नाही. इथं आजोबांचा मान राखायची माझी तयारी नाही.

यावर शेवटचा आक्षेप येतो तो असा की इतकी भानगड कोण लक्षात ठेवणार, लोकांना एकच सोपा नियम पाहिजे, एक तर खा नाही तर फेका. मला हे पटत नाही. ज्या समाजाला कुणाच्या हातचं पाणी चालतं, कोणत्या वाराला काय खायचं नाही, सोवळ्यात काय आणि ओवळ्यात काय, उपासाला साबुदाणा चालतो पण ज्वारी का नाही, असे शेकडो नियम पिढ्यान्‌पिढ्या पाठ होते, त्याला ओलं आणि कोरडं, झाडलेलं आणि न झाडलेलं, औषधाचा कोपरा आणि चुलीचा कोपरा एवढा फरक कळणार नाही? वर्षाच्या रांगत्या पोराला वेगळा नियम आणि तिशीच्या गड्याला वेगळा, हे समजायला पदवी लागत नाही. नियम पाळायची ताकद आपल्यात भरपूर आहे, ती आजवर भलत्या कामाला लागली.

तेव्हा त्या रोडग्यावरून आजोबांचं आणि त्यांच्या पुण्याच्या लेकाचं बोलणं बंद असेल तर ते आता सुरू व्हावं, आणि दोघांनी मिळून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला यावं. विषय मी सुचवतो. फवारणीचे पंप आणि औषधं ठेवायला घराबाहेर कुलूपबंद पेटी, जमेल त्यानं स्वतःची, न जमेल त्यांच्यासाठी चार घरांत मिळून एक. अंगणवाडीच्या दारात हात धुवायला चालू नळ आणि साबण, आणि आत यायच्या आधी चपला काढायची जागा. मंदिरामागच्या ज्या आवारात भंडारा होतो, तिथं आदल्या दिवशी ढोरं बांधायची नाहीत. पंगतीला पाणी वाढायला लांब दांड्याचा ओगराळा किंवा तोटीची टाकी. आणि आवार झाडायचं काम नेहमीच्या दोन बायांवर न टाकता, ज्या घरांनी पडलेल्या घासावर सगळ्यात जास्त भाषणं दिली त्या घरच्या पुरुषांकडं. खराटे ग्रामपंचायतीच्या खोलीत आहेत, चावी शिपायाकडं मिळते.